चूक कुठली धरायची?

गेल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात चार-पाच पोरं एका मोबाईलभोवती कोंडाळं करून बसली होती. आदल्या रात्रीच्या सभेतलं एका नेत्याचं भाषण एकानं रेकॉर्ड करून ठेवलेलं. नेता "आनी" म्हणाला की पोरं हसायची. "पानी" म्हणाला की हसायची. "कोन" आलं, "लोनी" आलं, पुन्हा हसू. एकानं तर वहीत रेघा मारून मोजदाद केली होती. एम. ए. मराठी झालेलं पोरगं. आपलंच. त्याची आजी अजून "पानी"च म्हणते आणि तिनं दिलेलंच पिऊन हे वाढलंय.

मी विचारलं, "स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख काल त्यांनी स्टेजवरून सांगितली, ती काय होती रे?"

कुणालाच सांगता येईना. वही पुढे-मागे झाली. रेघा होत्या, तारीख नव्हती.

मी त्या पोरांवर चिडलो नाही. चिडायचा मला अधिकारही नाही. असलंच एक काम मी स्वतः करून बसलोय, ते पुढे सांगतो. आधी ह्या हसण्याचा इतिहास बघू. कारण हे हसणं आपल्यात जन्मलेलं नाही, बाहेरून आलंय, आणि आता आपल्या पोरांच्या तोंडात जाऊन बसलंय.

मराठी "शुद्ध" कुठली हे काही आकाशातून पडलं नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. त्याच सुमाराला साहेबाच्या शाळा सुरू झाल्या, पाठ्यपुस्तकं हवी झाली, भाषांतरं तपासायला मेजर कँडीसारखे लोक बसले. मदतीला कोण? शास्त्री-पंडित. म्हणजे ज्यांच्या घरी आधीपासून पाटी-पोथी होती, त्यांचंच बोलणं कागदावर उतरलं आणि बाकीच्यांचं बोलणं बिघडलेलं ठरलं. एका दमात. दादोबा माणूस वाईट नव्हता, परमहंस सभेत जातिभेद मोडायला निघालेल्यांतला तो. पण व्याकरण कुणाच्या जिभेवरून उचलायचं हा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारणच नव्हतं. वऱ्हाडात "काळा"चं "काया" होतं, "डोळा"चं "डोया" होतं, खानदेशात अहिराणी आहे, मराठवाड्यात आमचा "न" आहे. ही सगळी लाखो माणसं चुकत होती आणि पुण्यातल्या दोन-चार पेठा तेवढ्या बरोबर होत्या, असा हा हिशेब.

ह्या हिशेबाचा पहिला मोठा फटका जोतीराव फुल्यांना बसला. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला काढली आणि तीत जोतीरावांच्या पुस्तकांची खिल्ली उडवली. त्यात मुद्द्यांना उत्तर किती आणि व्याकरणावर तोंडसुख किती, हे ज्यानं त्यानं निबंधमाला उघडून बघावं. मी बघितलंय. शूद्रांच्या गुलामीचा जाब विचारला की उत्तरात ऱ्हस्व-दीर्घ येतो, ही रीत तिथून पडली. आणि गंमत अशी, की ज्या माणसाला लिहिता येत नाही असं म्हणत होते, त्यानं १८७३ च्या 'गुलामगिरी'ला इंग्रजीत प्रस्तावना लिहिलेली आहे. १८८२ ला हंटर कमिशनपुढे इंग्रजीत निवेदन दिलेलं आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस. त्याला साहेबाची भाषा येत होती, शास्त्र्यांची कळत होती. तरी त्यानं 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सवाल-जवाबात. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतो. ही काय न येणाऱ्याची खूण आहे?

मला सगळ्यात मोठी वाटते ती 'शेतकऱ्याचा असूड'ची गोष्ट. हे पुस्तक १८८३ चं. छापखान्यात जायच्या आधी जोतीरावांनी ते लोकांना वाचून दाखवलं. मुंबई, पुणे, ठाणे ह्या शहरांत, आणि जुन्नर, ओतूर, हडपसरसारख्या गावांतही. बडोद्याच्या सयाजीरावांनीही ते ऐकलं. म्हणजे पुस्तक आधी कानांवर घासून घेतलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते कळतंय का, पटतंय का, हे त्याच्या तोंडाकडे बघून तपासलं. आता सांगा, भाषेची कसोटी कुणाची कडक? निबंधमालेची का ओतूरच्या चावडीची?

ही कसोटी मराठीत नवी नव्हती म्हणा. महानुभावांच्या स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. केशोबास संस्कृतात रचना करायला लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ. सातशे वर्षांपूर्वी एक माणूस विद्वानाला सांगतो, की मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळलं नाही तर तुझी विद्वत्ता माझ्या काय कामाची. मी पंथातला नाही, देवधर्मातला तर नाहीच नाही. पण भाषणाला उभा राहिलो की ती म्हातारी मला समोर दिसते.

आता शुद्धलेखनाचे नियम. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली सरकारनं मान्य केले, १९७२ ला त्यात चारांची भर पडली. त्यातून काही जुनी ओझी उतरली हे खरंच. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आपल्या पोरांचे निदान तेवढे मार्क वाचले. पण एक मेख राहिली. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर आतली वेलांटी-उकार संस्कृताप्रमाणे, मराठमोळा असेल तर नियम निराळा. म्हणजे बरोबर लिहायचं तर आधी शब्द संस्कृतातला का घरचा, हे ठाऊक पाहिजे. कुणाला ठाऊक असणार? भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून घेऊ दिलं नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्याला पर्शियन घ्यावं लागलं. ज्या पेटीला आपल्यासाठी कुलूप घातलं, त्याच पेटीतल्या मालावर आपली परीक्षा.

पण इथं थांबून एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. बाबासाहेबांना व्याकरणाचा तिटकारा नव्हता. संस्कृत ते पुढे स्वतः शिकले. आयुष्याच्या उतरणीला, तब्येत साथ देत नसताना, त्यांनी पालीचा कोश आणि व्याकरण रचायला घेतलं; सरकारी वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात ते १९९८ साली छापून आलं. 'बहिष्कृत भारत' चालवताना पानंच्या पानं, रकानेच्या रकाने एकट्यानं लिहून काढायचे. शब्द तोलून. तेव्हा "आपण दलित, आपण कसंही लिहावं, कसंही बोलावं" असं कुणी बाबासाहेबांचं नाव सांगून म्हणत असेल तर ती थाप आहे.

त्यांच्या भाषणांचा अठरावा खंड मराठीत आहे, तीन भागांत, २००२ चा. पोरांनो, तो घ्या आणि दोन भाषणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक ३१ मे १९३६ चं, मुंबईच्या महार परिषदेतलं. धर्मांतर का करायचं ह्यावर. ते लिहून आणलेलं भाषण आहे. सुरुवातीलाच नावाड्याचा दाखला : लांबच्या प्रवासाला निघणारा नावाडी आधी उतारू किती ते मोजतो, मग तयारीला लागतो. तसं मला तुमचं मत मोजायचंय. मग एकेक प्रश्न घेतात, सोडवतात, पुढे जातात. वकील कोर्टात मांडतो तसं. पण ऐकणारा गिरणीतला बदली कामगार आहे हे एका वाक्यालाही विसरत नाहीत.

दुसरं १५ ऑक्टोबर १९५६ चं, नागपूरचं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं. हे मात्र बोललेलं आहे. गप्पा मारल्यासारखं. वाक्य मध्येच वळतं, आठवण येते, चिमटा येतो, परत मुद्द्यावर. मेलेली ढोरं ओढायचं आपण सोडलं, तेव्हा 'केसरी'तून हिशेब मांडला गेला होता, की कातडं, हाडं, शिंगं, खुरं मिळून अस्पृश्य लोक वर्षाच्या पाचशे रुपयांना मुकतात. त्याला त्यांनी दिलेलं उत्तर त्यात आहे. तुमच्याच लोकांना का सांगत नाही ढोरं ओढायला? नफा तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये माझ्या पदरचे देतो! लाखोंची गर्दी हसली असेल. पण हसता हसता प्रत्येकाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला, की ज्या कामात नफा आहे असं सांगतात, ते काम सांगणारा स्वतः का करत नाही.

एकच माणूस. दोन भाषा. दोन्हींत एक गोष्ट सारखी : आकडा बरोबर, प्रसंग बरोबर, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचतंय. बाबासाहेबांचं प्रमाण हे.

ते गेले आणि तीन वर्षांच्या आत आपण आपलं निबंधमालेचं दुकान उघडलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहितो. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला उभा राहिला. १९५९ पर्यंत फुटला. एका बाजूला कर्मवीर दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे. फुटीची कारणं अनेक आहेत : कम्युनिस्टांशी किती जवळीक ठेवायची, पक्षाची घटना कशी असावी, नेता कोण. मी त्या सगळ्यांत शिरत नाही. बी. सी. कांबळे हे मोठे कायदेपंडित, 'जनता'चे संपादक राहिलेले, विधिमंडळातलं त्यांचं काम नाकारणारा करंटा. पण त्या भांडणात धोतर आणि पॅन्ट असा वाद शिरला. धोतरवाले म्हणजे अडाणी, इंग्रजी न येणारे. पॅन्टवाले म्हणजे शिकलेले. आणि गटांना नावं काय पडली बघा : कांबळ्यांचा तो "दुरुस्त", दादासाहेबांचा तो "नादुरुस्त". लाल शाईचे शब्द. मास्तर वही तपासतो तसले.

कोण होता हा नादुरुस्त माणूस? नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावचा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षं नाशकात पेलून धरला तो ह्याच माणसानं. बाबासाहेब त्याला पत्रं लिहीत. कितीतरी वर्षं. त्यातली कितीतरी इंग्रजीत आहेत, छापलेली आहेत, कुणीही बघावीत. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपली माणसं नाक मुरडत होती, त्याला बाबासाहेब चळवळीची गुपितं इंग्रजीत कळवत होते! जोतीरावांच्या इंग्रजी प्रस्तावनेची आठवण होते की नाही? हसणाऱ्याला माहिती नकोच असते. त्याला फक्त उच्चार पाहिजे असतो.

आणि ह्याच नादुरुस्त माणसाच्या शब्दावर ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मुख्य मागणी. एवढी माणसं तुरुंगात गेली की तुरुंग पुरेनात. तीन लाखांच्या वरचा आकडा चळवळीत सांगतात. बाया, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. त्या बायांना दादासाहेबांचं कुठलं वाक्य अशुद्ध लागलं असेल, मला सांगा.

बाहेरच्यांचा न्याय तर आणखी मजेचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे व्यासपीठावरून काय काय बोलले, त्याला महाराष्ट्र "तोफ" म्हणाला. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या शिव्यांना तर स्वतंत्र नावच मिळालं, "ठाकरी भाषा". त्यावर कौतुकाचे लेख आले. एखादा साखरसम्राट गावरान बोलला की तो "रांगडा", मातीतला माणूस. आणि आपला माणूस तेच, तसंच, त्याच मातीतलं बोलला की "ह्यांना बोलता येत नाही". १९७२ च्या १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली होती. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड किती आणि दलित बाईच्या अब्रूवर हात टाकला तर किती, असा तो सवाल होता. पांढरपेशा महाराष्ट्र पेटून उठला. कशावर? बायांच्या विटंबनेवर नव्हे. ढाल्यांनी झेंड्याबद्दल वापरलेल्या शब्दावर. दुर्गाबाई भागवतांसारख्या बाईंनाही आधी तो शब्द टोचला. ब्राह्मणगावच्या बाया मागे पडल्या, शब्दाची चौकशी पुढे गेली.

रामदास आठवल्यांचं नाव निघालं की आजची पोरं आधीच हसायला लागतात, म्हणून तेही सांगतो. जून २०१९ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांच्या निवडीच्या दिवशी ते यमक जुळवून बोलले, सभागृह खदखदलं, टीव्हीवर दिवसभर तेच. माझं त्यांच्या राजकारणाशी जमत नाही. पँथरमधला माणूस २०१६ ला ज्या सरकारात राज्यमंत्री झाला, त्याचा जाब मी त्यांना रस्त्यावर उभं करून विचारीन. पण यमकावर मी हसत नाही. त्या दिवशी जे बाक वाजवत होते, ते यमकावर हसत होते का यमक करणाऱ्यावर, हे मला नीट कळतं. आणि खरं सांगू का, विदूषकाचा मान मिळतोय म्हणून तो स्वीकारत जाणं ही त्यांची चूक मी मोठी धरतो. "न"ची नाही.

मग नेत्यांच्या भाषणातल्या चुका धरायच्याच नाहीत? धरायच्या. जोरात धरायच्या. पण कुठल्या?

नागपूरला १९४२ च्या जुलैत बाबासाहेबांनी इंग्रजीतून तीन गोष्टी सांगितल्या : आधी शिक्षण, मग चळवळ, मग संघटन. आपल्या प्रत्येक स्टेजवर, बॅनरवर, रिक्षाच्या मागे संघटन मधे येतं आणि संघर्ष शेवटी जातो. क्रम कुणी बदलला, का बदलला, कुणी विचारत नाही. आधी पक्कं संघटन होऊ द्या, लढायचं मग बघू, असं म्हणत आपल्या किती नेत्यांनी आयुष्यं काढली, ह्याचा ह्या उलटसुलटीशी काही संबंध आहे का? माझ्या डोक्यात हा प्रश्न वीस वर्षं आहे. वाघिणीच्या दुधाचं वाक्य तर जयंतीला पंधरा वक्ते म्हणतात. मी खाली उतरल्यावर एकेकाला विचारतो, साहेब, खंड कुठला, पान कुठलं? अजून एकानंही सांगितलेलं नाही. सरकार १९७९ पासून हे खंड काढतंय. वसंत मून नावाचा माणूस कागद गोळा करता करता झिजला. आणि आपण बाबासाहेबांच्या तोंडी वाटेल ते घालतो, फक्त "ण" नीट म्हटला म्हणजे झालं.

अॅट्रॉसिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. जातिवाचक अपमानाचं जुनं कलम ३(१)(दहा) जाऊन ३(१)(आर) आणि (एस) आलं. ह्यानंतरही मी आपल्या वकील म्हणवणाऱ्या नेत्याला स्टेजवरून "दहा लावा, दहा" म्हणताना ऐकलंय. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला गेलेल्या पोराला ठाणे अंमलदार म्हणणार, आधी कलम शिकून या. ही चूक. ह्या चुकीची रेघ कुणी वहीत मारली?

शब्दाचं मोल आपल्याला कळत नाही असंही नाही. मराठवाडा विद्यापीठाचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, आणि त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसं मेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, पण "मराठवाडा" तसंच ठेवून. सरकारी शब्द : नामविस्तार. आपण मागितलं होतं नामांतर. "अंतर"च्या जागी "विस्तार". त्या दिवशी नाचणाऱ्यांत मीही होतो. रात्री घरी आल्यावर शब्द लक्षात आला.

आता माझं.

१९९२ चा जानेवारी. मी तेव्हा आमच्या तालुक्यात एक चार पानी पत्रक काढायचो, सायक्लोस्टाईल. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं लिहायचं, चुकलं तर तांबडं लिक्विड लावून फुंकर मारायची, वाळलं की पुन्हा कोरायचं. शाईनं हात कोपरापर्यंत काळे. पण पत्रकात एकही शुद्धलेखनाची चूक नाही, ह्याचा मला भारी अभिमान. कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक वाचून म्हणायचे, तुमचं मराठी आमच्यासारखं आहे. मला गुदगुल्या व्हायच्या.

गायरानावर मोठी सभा झाली. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय नुकता निघाला होता : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात शेतीसाठी ज्यांनी गायरान धरलं, त्यांची अतिक्रमणं नियमित होणार. जिल्ह्याच्या गावाहून एक नेता आला होता. काय बोलला! एकेक शब्द घासूनपुसून. "ण" असा की घंटा वाजावी. तो म्हणाला, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या मंगल दिनापर्यंत आपण कसलेली सर्व भूमी आपली झाली आहे. मी लिहून घेतलं.

त्याच्यानंतर आमच्याच तालुक्यातला एक म्हातारा कार्यकर्ता उभा राहिला. दादासाहेबांच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला. तो म्हणाला, "बाबासायबाची जयंती, पन नव्वदची. एक्यान्नवची न्हवं. ध्यानात ठिवा. तलाठ्याकडं येक-ईचं बुक आस्तंय, त्यात आपलं नाव हाय का बगा. दंडाची पावती आसंल तर जपून ठिवा. आन् साहेबानं इचारलं तर कवा पेरलं ते नगा सांगू, पयला धोंडा कवा येचला ते सांगा." समोर बसलेले प्राध्यापक रुमालाआड हसले. मला लाज वाटली. म्हाताऱ्याची.

रात्री स्टेन्सिल कोरायला बसलो. नेत्याचं भाषण दीड पान दिलं. "जन्मशताब्दीचा दिन" हे सामान्य वाचकाला कळावं म्हणून कंसात तारीख घातली : १४ एप्रिल १९९१. शंभर वर्षं त्याच दिवशी पुरी झाली ना! शताब्दी वर्ष सुरू झालं होतं १९९० ला, हे डोक्यात आलंच नाही. म्हाताऱ्याला एक ओळ दिली : ज्येष्ठ कार्यकर्त्यांनीही आपल्या रांगड्या शैलीत मार्गदर्शन केले. "मार्गदर्शन"मधला रफार बरोबर पडलाय ना, ते दोनदा बघितलं. दोनशे प्रती काढल्या आणि गावोगाव वाटल्या.

शेजारच्या गावात आपली तीन घरं होती. त्यांनी नव्वदच्या शिमग्याला माळावरचे धोंडे वेचले, बांध घातला, आणि मिरगाला पहिली पेरणी केली. म्हणजे जमीन धरली मार्चात, मुदतीच्या आधी. पेरली जूनमध्ये, मुदतीच्या नंतर. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी छाती पुढं करून सांगितलं, नव्वदच्या मिरगाला धरली. एक्याण्णवपर्यंतचं चालतंय, तेव्हा लपवायचं काय? कागदावर जून १९९० पडलं. अंगठे झाले. पुढचं तुम्ही समजून घ्या. अर्ज केले, निवेदनं दिली, मीच लिहिली, शुद्ध मराठीत.

टिपणवही माझ्याजवळ अजून आहे. तीत म्हाताऱ्याचं बोलणं शब्दाला शब्द उतरवलेलं आहे, "पन नव्वदची" सुद्धा. काही वर्षांनी ती घेऊन मी त्यांच्यातल्या एका घरी गेलो. मालक वारले होते. बाई चुलीपुढं होत्या. मी सांगायला लागलो, माझ्याकडून तारीख चुकली. त्यांनी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला कागद आणला. माझंच पत्रक. शाई फिकी पडलेली.

त्या म्हणाल्या, "तुमी लिवलं व्हतं, म्हून आमी तसंच सांगितलं, दादा."